मुका मार

९ जानेवारी १९८८, पाचोरा

बोलता येत नाही, म्हणून लिहितो आहे. ही डायरी मुलाने, अभिमनने, धुळ्याहून आणून दिली. त्याच्या पाटबंधारे कचेरीत दर वर्षी येतात. मी म्हणालो होतो, मला कशाला रे, मी आता कुणाची हजेरी मांडणार? तर आता हिच्यापुढे मीच हजर.

काल शाळेचं स्नेहसंमेलन होतं. जळगाव आकाशवाणीचे एक साहेब पाहुणे म्हणून आले होते. मुख्याध्यापकांनी आग्रह केला, गुरुजी, पाटाची कविता होऊ द्या. ही कविता माझ्या मास्तरांची, निंबा गुरुजींची. कुठल्याही पुस्तकात छापलेली नाही. आम्ही गावच्या शाळेत कडुनिंबाखाली बसून ती शिकलो, आणि पुढे नोकरीभर मी ती वर्गावर्गातून म्हटली.

पाटाच्या पाण्या, हळूहळू चाल,
केळीच्या पोरीला घालू दे शाल.
आळ्यात बस रे, मुळाशी लाग,
उद्याच्या घडाला येऊ दे जाग.

चार दिवस खोकला होता, तरी उभा राहिलो. नेमकी लाईट गेली, माईक मुका झाला. मैदानावरच्या शेवटच्या रांगेतल्या पोरांनाही ऐकू जावं म्हणून मी वरची पट्टी धरली. पहिल्या ओळीतला ‘चाल’ हा शब्द वर न्यायचा असतो. तिथे पोहोचलो आणि घशात काहीतरी सुटलं. शिवणीचा टाका सुटावा तसं. दुखलं अजिबात नाही. पण पुढे नुसतीच हवा. पोरांना वाटलं गुरुजी नक्कल करताहेत. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

साहेब जाताना म्हणाले, “आवाज सुटला की मार्चमध्ये या. चालीसकट रेकॉर्ड करून ठेवू.” मी मान हलवली. शब्द काय, कुणीही लिहून घेईल. चाल कशी लिहिणार? मास्तर गेले, बरोबरचे बहुतेक गेले. ती आता माझ्याच गळ्यात आहे, आणि गळ्यात आज हवा आहे.

सकाळी भिकनच्या दुकानची पुडी चहाबरोबर घेतली. गुडघे तरी गप्प आहेत.

१२ जानेवारी

जळगावला डॉ. अत्तरदे यांच्याकडे गेलो होतो. तरुण माणूस, बोलणं मोजकं. त्यांनी लांब दांड्याचा छोटा आरसा स्पिरिटच्या दिव्यावर गरम केला, फडक्यात धरून माझी जीभ बाहेर ओढली आणि म्हणाले, “ई म्हणा.” मी आयुष्यभर पोरांना अ आ इ ई म्हणायला लावलं. माझ्याकडून कुणी म्हणवून घेईल असं वाटलं नव्हतं. ती ‘ई’ निघाली तीसुद्धा फाटकी पावरी फुंकून वाजवावी तशी.

म्हणाले, “आवाजाच्या दोन नाजूक पडद्या असतात, स्वरतंतू. त्यातल्या उजवीत बारीक रक्तवाहिनी फुटलीय. आत रक्त उतरून लालभडक झालीय.”

मी कागदावर लिहिलं, दुखत का नाही?

“मुका मार बसल्यावर कातडीखाली निळं होतं ना, तसंच हे. खोकल्यानं आधीच सूज होती. त्यावर तुम्ही ओरडलात.”

गाडीत सगळा वेळ तेच डोक्यात. मुका मार. हा शब्द मी कितीदा उच्चारला असेन. पोरगं झाडावरून पडलं की म्हणायचो, काही नाही, मुका मार आहे. तो मुकं करणारा मार असतो हे आज लक्षात येतंय. भाषा शिकवली म्हणजे भाषा कळली असं नाही.

आता पूर्ण मौन. खाकरायचं नाही, खाकरावंसं वाटलं की पाण्याचा घोट गिळायचा. वाफ घ्यायची. आपोआप जिरेल म्हणाले, पण त्याच जागी पुन्हा फुटलं तर गाठ किंवा वण राहतो आणि मग आवाज कायमचा घोगरा. शेवटी त्यांनी विचारलं, “काही औषध चालू आहे? बीपीचं, हृदयाचं, कसलंही?” मी जोरात नाही अशी मान हलवली. मला औषधाचं व्यसन नाही. नोकरीत असतानाही दवाखान्याची पायरी चढलो नाही, याचा मला थोडा अभिमानच आहे.

१३ जानेवारी

कपाटावरची जुनी पाटी काढली. पेन्सिलीच्या तुकड्याने सुंदर अक्षरात लिहिलं, ‘चहा थोडा गरम हवा.’ आणि तानूबाईंसमोर धरली.

त्यांनी पाटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. “काय म्हनी राहिनात? माले काय वाचता येस का?”

तसं मला ठाऊक होतंच. चाळीस वर्षांचा संसार आहे. तरी मी पाटी धरूनच उभा. त्यांनी पाटी घेतली, पदराने पुसली आणि चुलीमागे उभी करून ठेवली.

दुपारी टाळी वाजवून हाक मारून पाहिली. आतून उत्तर आलं, “मी काय कबूतर शे का, टाळ्या वाजाडी बलावाले?”

आमच्या घरात बोलणारा मी आणि ऐकणाऱ्या त्या, अशी वाटणी होती. आता ऐकणाऱ्यालाच बोलावं लागतंय. पण छान बोलतात की. हे नवीनच.

१७ जानेवारी

मार्ग सापडला. कुजबुजायचं. कुजबुजणं म्हणजे काही बोलणं नव्हे, त्यात आवाज असतोच कुठे? परीक्षेत पोरं कुजबुजायची तेव्हा आम्ही म्हणायचो, ‘बोलू नका.’ म्हणजे तसं पाहिलं तर... पण ते वेगळं. तानूबाईंच्या कानाशी जाऊन मी आजची भाजी, बंबातलं पाणी, अभिमनची ख्यालीखुशाली, सगळं कुजबुजतो. गळ्यावर ताण आल्यासारखं होतं, पण मौन पाळल्याचं समाधान आहे.

आणखी एक विचित्र गोष्ट. पहाटे अर्धवट जागा असताना कानात पाटाची कविता वाजते. चाल तीच, पण कुठेतरी खाली, ओल्या जमिनीतून आल्यासारखी. डोळे उघडले की बंद. बोलायचं थांबलं की कान असे खेळ करत असतील. मास्तरच आठवण काढत असतील असंही वाटून गेलं.

थंडी फार. गुडघे बोलू लागले, सकाळी एक आणि संध्याकाळी एक पुडी घेतली.

२४ जानेवारी

जळगाव. आरसा, दिवा, ई.

डॉक्टरांच्या कपाळाला आठी पडली. “जिरायला हवं होतं. उलट ताजं दिसतंय. बोललात?”

मी लिहिलं, शब्द नाही. फक्त कुजबुज.

त्यांनी कपाळावर हात मारला. “गुरुजी, कुजबुजताना पडद्या आवळून धरता तुम्ही. साध्या बोलण्यापेक्षा वाईट ते.”

मला काही कळेना. जोरात बोललं तर फुटतं, हळू बोललं तर फुटतं. मग माणसाने करायचं काय? हे मी लिहून विचारलं.

“काहीच करायचं नाही,” ते म्हणाले. “तेच अवघड असतं.” मग पुन्हा म्हणाले, “पण नुसत्या कुजबुजीनं एवढं ओलं राहू नये. औषध खरंच काही नाही?”

मी लिहिलं, एकही नाही. खाली रेघ मारली.

ते म्हणाले, महिनाभरात सुकलं नाही तर मुंबईला दाखवावं लागेल. आणि आवाज जुना येईलच असं सांगता येत नाही. मार्च तर जवळ आला.

२६ जानेवारी

झेंडावंदनाला गेलो. सगळे गात होते, मी नुसते ओठ हलवले. मग ओठ हलवणंही कुजबुजीत मोडतं का या शंकेने तेही थांबवलं. परतताना भिकनच्या दुकानाच्या फळीवर टेकलो.

“काय गुरुजी, उपास सुटला का नाही अजून?” भिकन म्हणाला. “आमचं एक पोरगं तुमच्या वर्गात होतं, घरी येऊन सांगायचं, गुरुजी झोपेतसुद्धा शिकवतात. आता खडू खाल्ल्यासारखे उभे!” गिऱ्हाइकं हसली. मीही हसलो, बिनआवाजाचं. भिकन मनाने वाईट नाही. न मागता पुड्यांची माळ तोडून दिली. “गारठा आहे, ठेवा.”

३१ जानेवारी

अभिमन धुळ्याहून आला. त्याला ओसरीवर बसवून मी लिहीत होतो, तो वाचत होता, त्याची आई वांगं भाजत होती.

“नाना, जाऊ द्या ना ती कविता,” तो म्हणाला. “आवाज परत आला की बास. रेडिओवर काय, हजार कविता असतात.”

मी लिहिलं, ही हजारात नाही.

“मला येते की. पाटाच्या पाण्या...” त्याने म्हणून दाखवली. शब्द सगळे बरोबर. चाल सिनेमाच्या गाण्यासारखी कशीतरीच. हा माझाच मुलगा, माझ्याच वर्गात होता. मी कान झाकून घेतले.

आतून हसण्याचा आवाज आला. “आरे, तशी नही ती,” तानूबाई म्हणाल्या.

“मग कशी, आई?”

“ऱ्हाऊ दे. भाकर जयी राहिनी.”

भाकरी जळत होती हे खरं. वास येत होता.

४ फेब्रुवारी

आज पहाटे डोळे उघडले तरी चाल बंद झाली नाही. उठलो, भिंत धरून मागच्या दारी गेलो. तानूबाई जात्यापाशी कळण्याचं, ज्वारी-उडदाचं, पीठ दळत होत्या. आणि गात होत्या.

पाटना पानी, धिरे धिरे चाल,
केयनी पोरले पांघरू दे शाल...

पहिला विचार आला तो चुकांचा. भाषा बदललेली. ‘घालू’च्या जागी ‘पांघरू’. आणि ‘चाल’ हा शब्द वर न नेता त्या खाली नेत होत्या, जात्याच्या फेऱ्याबरोबर सोडून देत होत्या. सगळंच उलटं. मी आत जाऊन पाटी आणली, ‘घालू’ असं ठळक लिहिलं आणि त्यांच्यापुढे धरली.

त्यांनी दळणं थांबवलं नाही. “उगामुगा बठा,” म्हणाल्या.

म्हणून बसलो. पाटी मांडीवर. बोलता येत असतं तर पहिल्या ओळीलाच दुरुस्त केलं असतं, आणि त्या थांबल्या असत्या. बोलता येत नव्हतं म्हणून सबंध कविता ऐकून घ्यावी लागली. पीठ संपेपर्यंत.

नंतर विचार करत बसलो. शाल खरं म्हणजे घालत नाहीत, पांघरतात. हे मी चौथीच्या पोरांनाही सांगितलं असेल. मग माझ्या कवितेत ‘घालू’ कुठून आलं? मास्तर काय म्हणायचे? मला मास्तरांचा सदरा आठवतो, शेंडी आठवते, खिशातली तपकिरीची डबी आठवते. शब्द आठवत नाही.

७ फेब्रुवारी

तानूबाई म्हणाल्या, मी बी येस जळगावले, बघू तो डाक्टर काय करस ते. पॅसेंजरला गर्दी नव्हती. खिडकीतून केळीचे बाग दाखवत मला माहिती देत होत्या, जणू मी परगावचा.

डॉक्टरांनी आरशात पाहिलं. “थोडं कमी आहे. पण कडेला अजून ओलं. मला समजतच नाहीये.” डॉक्टरलाच समजत नाही म्हटल्यावर मी घाबरलो.

तानूबाई स्टुलावर पदर सावरून बसल्या होत्या. त्यांना राहवलं नाही. “डाक्टरसाहेब, तेस्ना पोटलेबी काहीतरी द्या. त्या पुडीमुये पोटमा आग पडस, रातभर पानी पेतस.”

“कसली पुडी?”

“गुडघासनी. भिकनना दुकाननी. चहासंगे रोज लेतस. थंडीमा दोन दोन.”

डॉक्टरांनी आरसा ट्रेमध्ये ठेवला. खणखण आवाज झाला. “गुरुजी, मी तुम्हाला दोनदा विचारलं. औषध चालू आहे का?”

मी लिहिलं, ती पुडी आहे. किराणा दुकानात मिळते. साखरेच्या शेजारी.

“त्या पुडीत ॲस्पिरिन असतं. ते रक्त गोठू देत नाही. तुमची पडदी रोज बुजायला बघते आणि तुम्ही रोज चहाबरोबर ती उघडता.”

औषध म्हणजे डॉक्टरने दिलेलं, बाटलीतलं, कडू. पुडी म्हणजे पुडी. मी खोटं बोललो नव्हतो. मला या दोन शब्दांत कधी नातंच दिसलं नाही, आणि मी समानार्थी शब्द शिकवून पेन्शन घेतो.

डॉक्टरांना माझा चेहरा बघून वाईट वाटलं असावं. सौम्यपणे म्हणाले, “चूक माझीही आहे. ‘दुकानातून काही आणून घेता का’ असं विचारायला हवं होतं. आता सगळ्यांना तसंच विचारीन.” गुडघ्याला शेक आणि लावायला तेल सांगितलं.

स्टेशनवर तानूबाई काळजीत. “माले काय माहीत. मी तं पोटनं सांगं.”

९ फेब्रुवारी

भिकन ऐकायला तयार नाही. उरलेली माळ परत द्यायला मी चिठ्ठी लिहून घेऊन गेलो. त्याने ती मोठ्याने वाचली. “पुडीनं गळ्यात रक्त? गुरुजी, पुडी पोटात जाते, गळा वर राहतो! माझी म्हातारी वीस वर्षं घेते, तिचा आवाज ऐकलाय ना? चौकापर्यंत जातो.”

वाद घालायला बोलता कुठे येत होतं? माळ फळीवर ठेवून आलो. गुडघे आज खरोखर रडवताहेत. तानूबाईंनी विटेचा शेक दिला.

पहाटे जात्यापाशी जाऊन बसतो. पाटी नेत नाही.

२१ फेब्रुवारी

सुकलं!

डॉक्टर आरशात बघून हसले. पहिल्यांदा दात दिसले त्यांचे. आता थोडं थोडं बोलायचं, खालच्या स्वरात, समोरच्याला ऐकू जाईल एवढंच. सर्दी-खोकला असेल तेव्हा गळ्याला सुट्टी. पाणी भरपूर. पुडी बंद. कुठलीही गोळी त्यांना विचारून.

मी पहिला प्रश्न विचारला. आवाज दुसऱ्याच कुणाचा तरी वाटला, मातीने भरलेला. “कविता?”

“मैदानावरची? वरच्या पट्टीतली? नाही, गुरुजी. मार्चमध्ये नाही, आणि माझं ऐकाल तर नंतरही नाही. ती जागा आता हळवी झालीय. तिथेच पुन्हा फुटेल.”

मी मान हलवली. गाडीत डोळे भरून आले. तानूबाई म्हणाल्या, “कसाले रडी राहिनात? आते तं बोलता येस ना.”

२२ फेब्रुवारी

काल घरी आल्यावर काहीच बोललो नाही. एवढ्या दिवसांचं साठलेलं होतं, तरी कुठून सुरू करावं समजेना. आज पहाटे त्यांचं म्हणून झालं, त्या पीठ भरू लागल्या, तेव्हा तोंडातून निघालं,

“परत म्हणा.”

त्या दचकल्या. माझा नवा आवाज त्यांना परका वाटला असेल. “काय?”

“कविता. परत म्हणा.”

“हं. मंग चुका काढशात.”

“नाही काढत. पण ही चाल तुम्ही कुठून आणलीत? ‘चाल’ वर जातो. तुम्ही खाली नेता.”

त्या माझ्याकडे असं बघू लागल्या की मीच काहीतरी चुकीचं विचारलंय. “तुम्हीच तं म्हनेत. नवं लगीन व्हतं तवय. मळामा, पाटवर बशीसन. हाऊ असाच म्हनेत, हयू हयू. मंग शाळा मोठी व्हयनी, पोरे वाढनात, तवयपासून तुम्ही वरडाले लागनात.”

मी ओरडायला लागलो. असं कसं? पण मग आठवलं, आणि नको तेव्हा आठवलं. निंबा गुरुजींना दमा होता. कविता म्हणताना ते छातीवर हात ठेवून म्हणत. त्यांच्याने वरची पट्टी लागलीच नसती. मग ‘चाल’ वर नेला कुणी? साठ पोरांच्या वर्गात, शेवटच्या बाकासाठी, पत्र्यावरच्या पावसाच्या आवाजावर मात करत... मी? आणि ‘पांघरू’चं ‘घालू’ तरी कधी झालं? तीन अक्षरं ओरडायला जड, म्हणून?

की तानूबाईंचीच आठवण चुकते आहे? कुणाला विचारू? विचारण्यासारखं कुणी उरलेलं नाही. ज्या चालीसाठी मी एवढा जीव टाकला ती मुळात मास्तरांची होती की माझी, हेच आता सांगता येत नाही.

त्यांनी परत म्हटली. ‘चाल’ खाली आला आणि जमिनीत मुरला. पाटाचं पाणी खालीच जातं. वर कुठून जाईल?

२ मार्च

परवा आकाशवाणीत जाऊन साहेबांना सांगितलं, मी म्हणू शकत नाही. माझ्या पत्नी म्हणतील. खानदेशीत.

“उलट बरंच झालं,” साहेब म्हणाले. “घरच्या बोलीतलं कुठे मिळतं आम्हाला?”

घरी येऊन सांगितलं तर तानूबाईंनी भांडंच आपटलं. “मी येवाव नही. तठे बठ्ठा साहेब लोके.”

अभिमनला तार केली. तो आला, आईला समजावलं, त्यांनी त्यालाच दोन शब्द सुनावले. मग आज संध्याकाळी मला विचारतात, “लुगडं कोनतं घालू?”

मी म्हणालो, “घालू नका. नेसा.” किती दिवसांनी चूक काढली! त्याही हसल्या.

१२ मार्च

आत्ताच जळगावहून आलो. खोली छोटी, भिंतींना भोकाभोकांचे तक्ते, बोललं की आवाज तिथल्या तिथे विरतो. शेवटची रांगच नाही. ओरडायचं कुणासाठी?

साहेब म्हणाले, गुरुजी, तुम्ही शेजारी बसा, त्यांना धीर येईल. फक्त आवाज नको. दारावर लाल दिवा लागला. काचेपलीकडून एकाने बोट दाखवलं.

तानूबाई माईककडे बघताहेत. पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. मला सवयीने खाकरावंसं वाटलं. वर्ग सुरू करताना मी तसंच खाकरायचो, की पोरं सावध. घशात ते आलंच होतं, अगदी दाराशी.

तांब्या जवळ होता. मी घोट घेतला आणि गिळला.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग डोळे मिटले आणि सुरू केलं, जात्यावर बसल्यासारखं. पाटना पानी, धिरे धिरे चाल.